पापुद्रे सुटणाऱ्या नखांना कुठला बेस कोट?

बेळगावच्या वडगाव भागातून एका वाचक मैत्रिणीनं लिहिलंय. वय ३१. घरातूनच जेवणाचे डबे देते. पहाटे पाचपासून अकरापर्यंत आणि पुन्हा संध्याकाळी तिचे हात एक तर पिठात असतात, नाही तर पाण्यात. नखं लहानपणापासून पातळ. आता टोकाला पापुद्रे सुटतात आणि साडीला अडकतात. तुटू नयेत म्हणून ती वर्षभर दर तीन आठवड्यांनी पार्लरमध्ये लॅम्पखाली पक्कं होणारं जेल पॉलिश लावते. आठवडाभरातच ते कडेनं उचलतं, मग ती ते सोलून काढते. माघात नणंदेचं लग्न आहे, अजून दहा आठवडे हातात आहेत. पार्लरमधली आक्का म्हणते रबर बेस लाव. कोल्हापूरची बहीण म्हणते बिल्डर जेल. जाऊबाई नखं कडक करणारी बाटली सुचवतात आणि आई म्हणते, कॅल्शियम कमी झालंय. तिनं स्वतः तीन महिन्यांपासून केसा-नखांसाठी बायोटिनच्या गोळ्या सुरू केल्यात. खर्च वाचवायला लॅम्पसकट जेलचं किट मागवावं का, असंही ती विचारते. पत्राच्या शेवटी एक ओळ आहे: ‘हल्ली जिना चढताना दम लागतो, पाळीत जास्त जातं, पण ते असू दे, तुम्ही नखांचं सांगा ताई.’

अगं, त्या शेवटच्या ओळीकडे मी येणारच आहे. ती मी असू देणार नाही. पण आधी तू विचारलंस त्याबद्दल.

पुढच्या वेळी जेलचा तुकडा सुटून हातात आला की लगेच टाकू नकोस. खिडकीपाशी उजेडात धर आणि उलटा करून बघ. आतल्या बाजूला पांढुरकं, पिठूळ, माशाच्या खवल्यासारखं काहीतरी चिकटलेलं दिसेल. ते जेल नाही, तुझं नख आहे. नख म्हणजे केराटिन नावाच्या प्रथिनाचे पातळ थर एकावर एक दाबून बसलेले, आपल्याकडच्या मांड्याच्या घड्यांसारखे. जेल वरच्या थराला घट्ट धरतं. ते ओढून काढलं की तो थरही बरोबर येतो. दर तीन आठवड्यांनी म्हटलं तर वर्षाला सोळा-सतरा वेळा तू स्वतःच्या नखाचा एकेक पदर सोलला आहेस. नखं जन्मापासून पातळ असतील, ते मला पटतं. पण हे पापुद्रे जन्मापासूनचे नाहीत. ते पाण्यानं सुरू झाले आणि सोलण्यानं वाढले.

पाण्याचं म्हणते त्याचं कारण आहे. नख पाणी पटकन शोषतं आणि फुगतं. हात पुसून तू चुलीपुढे उभी राहतेस तेव्हा ते वाळून आकसतं. तांदूळ धुणं, भाजी धुणं, कणीक, परातीतले हात धुणं, डबे विसळणं, पुन्हा पीठ, असं दिवसातून पंधरा-वीस वेळा झालं की थरांना धरून ठेवणारी पकडच सैल होते. त्यात भांड्यांचा साबण नखातलं उरलंसुरलं तेल काढून नेतो. म्हणून टोकाला, जिथे नख सगळ्यात जुनं असतं, तिथून पदर सुटायला लागतात.

आता मूळ समजुतीकडे येऊ. ‘बेस कोटनं नख मजबूत होतं’ असं तू तीनदा लिहिलंयस. आपल्याला दिसतं ते नख मेलेलं असतं. जिवंत भाग मुळाशी, कातडीखाली असतो. वरून लावलेली कुठलीही बाटली तिथे काही पोचवत नाही. बेस कोट म्हणजे वाकलेल्या फांदीला बांधलेली कामटी. कामटीनं फांदी जाड होत नाही, पण वाऱ्यात मोडत नाही. तेवढ्या काळात खालून नवं नख वर येऊ शकतं, आणि हा फायदा खरा आहे, मी तो नाकारत नाही. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं. अख्खं बदलायला सहाएक महिने लागतात. तुझ्याकडच्या दहा आठवड्यांत साधारण ७ मिलिमीटर नवं नख येईल. आज टोकाला जे फाटतंय ते तोवर कापून गेलेलं असेल. म्हणजे लग्नात दिसणारं नख बरंचसं आजपासून पुढे तू हातांना कसं वागवतेस त्यावर ठरणार आहे.

दुसरी समजूत जाऊबाईंची, कडक म्हणजे मजबूत. माझं या बाबतीत पोळलंय म्हणून जरा जोरात सांगते. काही वर्षांपूर्वी मीही अशी एक बाटली आणली होती. पहिल्या महिन्यात नखं इतकी टणक झाली की ताटावर वाजवली तर टकटक आवाज यायचा. मी खूश. दुसऱ्या महिन्यात मधलं बोट कपाटाच्या दाराला जरासं लागलं आणि नख टोकाला न तुटता मांसालगत आडवं चिरलं. आठ दिवस लिंबू पिळता आलं नाही. अशा बऱ्याच बाटल्यांत फॉर्मल्डिहाइड नावाचं रसायन असतं. ते केराटिनचे धागे एकमेकांना आवळून बांधतं. आधी बरं वाटतं, मग लवचीकपणा जातो. ओली छडी वाकते, वाळकी काडी मोडते. तुझ्या नखांना ती बाटली अजिबात नको.

रबर बेस की बिल्डर, हे ठरवायला एक साधी परीक्षा कर. हात कोरडे होऊन दोन तास झाले असतील तेव्हा, दुपारी डबे गेल्यावर बस. आंघोळीनंतर लगेच नको, तेव्हा सगळ्यांचीच नखं मऊ असतात. एका नखाच्या टोकाला दुसऱ्या अंगठ्यानं हलकेच खाली दाब. कागदासारखं वाकून परत वर आलं तर नख मऊ आणि पातळ आहे. अजिबात न वाकता कट्कन चीर पडेल असं वाटलं तर ते कोरडं आणि ठिसूळ. तुझ्या पत्रावरून मला पहिला प्रकार वाटतो.

नेहमीचा जेल बेस कोट पातळ असतो. त्याचं काम रंग नखाला चिकटवणं एवढंच. तू वर्षभर बहुतेक हाच लावत होतीस आणि त्याच्याकडून आधाराची अपेक्षा करत होतीस. रबर बेस मधासारखा दाट असतो आणि लॅम्पमध्ये पक्का झाल्यावरही थोडा लवचीक राहतो. नख वाकलं की तोही वाकतो, म्हणून मऊ, पातळ नखावर तो टिकतो. बिल्डर त्याहून ताठ. नखाच्या मधोमध थोडा उंचवटा देऊन त्यानं लांबी पेलता येते. ज्यांचं नख मुळात बऱ्यापैकी जाड आहे आणि वाढवायचंय त्यांना तो चांगला. तुझ्यासारख्या नखावर मात्र खालचं वाकतं, वरचं वाकत नाही. मग दोघांच्या मधे फट पडते, कडा उचलते आणि तुला पुन्हा सोलायचा मोह होतो. बहिणीला तो मानवला असेल, तिची नखं वेगळी. हार्ड जेल तर बाजूलाच ठेव. ते ॲसिटोननं विरघळत नाही, घासूनच काढावं लागतं, आणि तुझ्याकडे घासायला तेवढं नख नाही.

तेव्हा आक्काचं म्हणणं बरोबर आहे, रबर बेस. पण पुढच्या आठवड्यात लगेच लावू नकोस.

तू डबे करतेस. हाच मुद्दा मला सगळ्यात मोठा वाटतो आणि पत्रात त्याचा विचारच नाही. जेल कडेनं उचललं की त्याची कपची कधी पडली ते कळत नाही. ज्वारीचं पीठ मळताना, भाकरी थापताना ती कुठे गेली असेल? उचललेल्या जेलच्या खाली पाणी आणि पीठ साठतं, तिथे जंतू वाढतात. कधीकधी नख हिरवट दिसायला लागतं, तो याचाच परिणाम असतो. ज्या हातांच्या भरवशावर चाळीस माणसं जेवतात ते हात, डबे चालू आहेत तोवर, कापलेल्या आणि बिनरंगाच्या नखांचेच असावेत. हे कडक वाटेल तुला. पण तुझ्या नखांनाही नेमकं हेच हवंय.

म्हणून माझं मत असं. पहिले नऊ आठवडे जेल बंद. सध्या जे बोटांवर आहे ते नीट काढून घे, कसं ते खाली सांगते. नखं बोटाच्या टोकाबरोबर काप. सुटलेला पदर ओढू नकोस, बारीक फाइलनं एकाच दिशेनं घासून टाक. भांडी घासताना रबरी हातमोजे घाल, आत पातळ सुती मोजे असले तर घाम शोषला जातो. भाकरी मोजे घालून थापता येत नाही हे मला माहीत आहे. तिथे मोजे नकोत, पण भाकरीनंतर भांड्यांना हात लावायच्या आधी मोजे चढव. नखांचं निम्मं भिजणं तिथेच टळेल. रात्री झोपताना कोमट पाण्यात पाचएक मिनिटं बोटं बुडव, पूस, आणि ओलसर असतानाच व्हॅसलीन किंवा खोबरेल तेल नखांना आणि मुळाशी चोळ. तेलाचं काम आतलं पाणी धरून ठेवायचं, म्हणून ते कोरड्या ठणठणीत नखावर नुसतं फासून फार उपयोग होत नाही.

मग लग्नाच्या दोन-तीन दिवस आधी रबर बेस. डबे तेव्हा बंदच ठेवशील. पार्लरमध्ये काही गोष्टी आधीच सांग. जेलच्या आधी साबणाच्या कोमट पाण्यात बोटं बुडवू देऊ नकोस. पाण्यानं फुगलेल्या नखावर जेल लावलं की नख वाळून आकसतं आणि जेल सुटतं. तुझं आठवड्यात उचलण्यामागे हे एक कारण असू शकतं. नखावर चढलेली पातळ कातडी हलक्या हातानं काढायला सांग, पण मशीनच्या ड्रिलनं नख खरवडू देऊ नकोस. बारीक बफरनं चकाकी गेली की पुरे. आधी अगदी पातळ थर, तो पक्का झाल्यावर मधोमध एक थेंब ठेवून कडेपर्यंत पसरवलेला दुसरा. नखाच्या पुढच्या धारेवरूनही ब्रश फिरवून ती बंद झाली पाहिजे, तुझे पदर तिथूनच सुटतात. कातडीला जेल लागलं तर लॅम्पमध्ये हात घालायच्या आधी काडीनं पुसून घ्यायचं. लॅम्पमध्ये चटका बसला तर सोसत बसू नकोस, हात बाहेर काढ. जेल पक्कं होताना उष्णता निघते, थर जाड असला की जास्त, आणि पातळ नखाला ती जास्त जाणवते.

रंगीत रबर बेस मिळतो, दुधी किंवा फिका गुलाबी. त्यावर फक्त टॉप कोट दिला तरी हात छान दिसतो. पण लग्नघरात हळद आहे. फिक्या जेलवर हळदीचा पिवळा डाग बसतो आणि सहजी जात नाही. एक तर हळदीला जायच्या आधी नखांना भरपूर तेल लाव आणि लागली की लगेच पूस, नाही तर सरळ डाळिंबी रंग घे. हिरव्या चुड्याखाली तो शोभतोही.

काढणं हा यातला अर्धा भाग आहे. लग्नानंतर दोन-तीन आठवड्यांत, किंवा कड उचलली तर त्याच दिवशी. वरची चकाकी फाइलनं घालवायची, नखाभोवतीच्या कातडीला व्हॅसलीन लावायचं, ॲसिटोनमध्ये भिजवलेला कापूस नखावर ठेवून फॉइल गुंडाळायचं आणि दहा-पंधरा मिनिटं स्वस्थ बसायचं. जेल फुगून सुटं होतं. लाकडी काडीनं हलकेच ढकल. जे येत नाही ते परत गुंडाळ, खरवडू नकोस. आणि हे घरी केलंस तर स्वयंपाकघरात नको, गॅस पेटलेला असताना तर नकोच. ॲसिटोनची वाफसुद्धा पेट घेते. ज्यांना जेल कायम लावायचंय, शाळेत किंवा बँकेत काम करणाऱ्या, त्यांनी दर वेळी सगळं काढण्यापेक्षा घट्ट बसलेला तळाचा पातळ थर राहू द्यायचा, वरचं घासून कमी करायचं आणि मुळाशी नवं भरून घ्यायचं. नखाला ॲसिटोन कमी लागतं.

किट मागवू नकोस. पैसे वाचतील, पण धोका वेगळाच आहे. जेल पक्कं होण्याआधी त्यातली मेथाक्रिलेट नावाची रसायनं कातडीला लागत राहिली की ॲलर्जी होऊ शकते. सगळ्यात जास्त नाव येतं ते हेमा या घटकाचं. लॅम्प त्या जेलला जुळणारा नसला तर वरून कडक दिसतं आणि आत कच्चंच राहतं, ही घरगुती किटची नेहमीची अडचण. ब्रिटनच्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेनं 2018 मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता. युरोपीय संघानं 2020 च्या नियमानं हेमा असलेली नखांची उत्पादनं फक्त व्यावसायिकांनी वापरावीत असं ठरवलं आणि जेलमधला टीपीओ नावाचा आणखी एक घटक 1 सप्टेंबर 2025 पासून बंदच केला. ही ॲलर्जी एकदा झाली की बहुधा जन्मभर राहते. दातांच्या फिलिंगमध्ये आणि गुडघा बदलताना वापरतात त्या सिमेंटमध्येही याच कुळातली रसायनं असतात, म्हणजे त्रास नखांपुरता राहत नाही. बोटांची टोकं खाजणं, लाल होणं, फोड येणं, नाही तर पापण्यांवर पुरळ उठणं, यातलं काही दिसलं तर जेल तिथेच थांबव. बाटलीवर ‘हेमा नाही’ असं लिहिलेलं असलं तरी त्यात दुसरी मेथाक्रिलेट असू शकतात, एवढं ध्यानात ठेव.

निपाणीकडून, तंबाखूच्या वखारीत जाणाऱ्या आणि विडी वळणाऱ्या मैत्रिणींचीही पत्रं येतात. नखं तपकिरी झाली, चिरतात, जेलनं झाकू का? दिवसभर ज्या नखावर दाब पडतो त्यावर ताठ जेल टिकत नाही. कापलेलं नख आणि रात्रीचं तेल हेच खरं. लावायचंच असेल तर सणापुरता रबर बेस. नख बोटापासून सुटलेलं असेल, हिरवट, काळपट किंवा जाड पिवळं झालं असेल, कडेला सूज किंवा पू असेल, तर त्यावर कुठलाच कोट नको, त्वचेच्या डॉक्टरांना दाखवायचं. ऑपरेशन ठरलं असेल तर जेल आधी काढून जा, बोटाला लावायच्या ऑक्सिजनच्या चिमट्याला अडथळा होऊ शकतो.

आता आईचं कॅल्शियम आणि तुझी ती ओळ. नखात कॅल्शियम फारच थोडं असतं, नखाची ताकद त्यावर नाही. नखांवर पांढरे ठिपके दिसले की आपल्याकडे कॅल्शियमच्या गोळ्या सुरू होतात, पण ते बहुतेक वेळा मुळाशी लागलेल्या बारीकसारीक माराचे असतात आणि वाढीबरोबर निघून जातात. लोहाचं मात्र तसं नाही. अंगात लोह कमी झालं की नखं पातळ होतात, चिरतात, पुढे पुढे मधे खोलगट, चमच्यासारखी होतात. पाळीत जास्त रक्त जाणं, जिन्यावर दम लागणं आणि पापुद्रे सुटणारी नखं, तिन्ही एकाच बाईच्या पत्रात आलं की मला जेलची बाटली दिसत नाही, रक्ताची तपासणी दिसते. थायरॉइड मंदावला तरी नखं ठिसूळ होतात आणि पाळी वाढते. म्हणून हिमोग्लोबिन, फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) आणि टीएसएच (थायरॉइडसाठी), या तिन्ही तपासण्या करून घे. जिल्हा रुग्णालयात जा, नाही तर तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे, पण पाळीचं त्यांना मोकळेपणानं सांग. किती दिवस जातं, किती वेळा पॅड बदलावा लागतो, गाठी पडतात का, हे सांगितल्याशिवाय ते नुसत्या गोळ्या लिहून देतील आणि कारण तिथेच राहील. लोहाच्या गोळ्याही आपल्या मनानं सुरू करू नकोस, आधी आकडा बघू दे.

आणि ते बायोटिन. त्यानं नखं सुधारल्याचे पुरावे थोडे आणि लहान अभ्यासांतले आहेत. त्याचा त्रास दुसरीकडेच आहे: भरपूर मात्रेत घेतलं तर थायरॉइडसारख्या काही रक्ततपासण्यांचे आकडे चुकीचे येऊ शकतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं 2017 मध्ये तशी सूचनाच काढली होती. तू तीन महिने घेतेयस, तेव्हा रक्त देण्याआधी गोळ्यांचं पाकीट डॉक्टरांना दाखव आणि किती दिवस आधी थांबवायचं ते त्यांच्याकडून ठरवून घे.

येत्या रविवारी डब्यांना सुट्टी असते ना तुझी? त्या दिवशी बायोटिन कधी थांबवायचं ते फोनवर विचारून घे आणि पुढच्या आठवड्यातला रक्त द्यायचा दिवस वहीत लिहून ठेव, डब्यांच्या हिशेबाच्या वहीतच, म्हणजे नजरेआड होणार नाही. रिपोर्ट आला की मला आकडे कळव. नखांचं मग आपण सावकाश बोलू.